हेइनॅवेसी

हेइनॅवेसी : पूर्व फिनलंडच्या सरोवर-प्रदेशातील एक छोटी, फिनिशभाषक ग्रामीण पालिका. नावाचा अर्थ ‘गवताचे पाणी’. लोकसंख्या सुमारे 3,000. क्षेत्रफळ सुमारे 1,300 चौ. किमी.; त्याचा पाचव्या हिश्श्याहून अधिक भाग पाण्याखालीच आहे. पूर्वी दक्षिण सावो विभागात असलेली ही पालिका 1 जानेवारी 2021 पासून उत्तर कारेलियात मोडते.

हिमयुगातील बर्फाने खडक खरवडून येथे लांबट सरोवरे कोरली. ती शेजारीशेजारी असली, तरी त्यांची पातळी सारखी नाही. मधल्या अरुंद जमिनीच्या पट्ट्याला फिनिशमध्ये ‘ताइपाले’ म्हणतात. अशा पट्ट्यावरून पूर्वी होड्या ओढून पलीकडच्या पाण्यात सोडाव्या लागत. वारिस्ताइपाले या जागेच्या नावात तो शब्द आजही आहे. तिथे 1911 ते 1913 या काळात कालवा खोदला गेला. युओयॅर्वी सरोवर आणि खालचे पाणी यांत सुमारे 14.5 मी. अंतर आहे, म्हणजे चार-पाच मजली घराएवढी उंची. ती लागोपाठच्या चार जलपाशांनी (पाणी भरून बोट वर उचलणाऱ्या, दारे असलेल्या कोठ्यांनी) पार केली जाते. बोट सर्वांत खालच्या कोठीत शिरते, मागची दारे मिटतात, वरून पाणी आत येऊ लागते. दोर धरून उभ्या असलेल्या माणसासमोरची ओली भिंत हळूहळू खाली जाते आणि थोड्या वेळात काठावरचे गवत डोळ्यांसमोर येते. मग पुढचे दार उघडते. असे चार वेळा. केर्मा, कार्विओ, ताइवल्लाह्ती हे याच परिसरातले आणखी कालवे. सावोनलिन्ना ते कुओपिओ हा उन्हाळी जलप्रवास केर्मा आणि कार्विओ यांतूनच होतो. फिनलंडमधील सर्वांत देखण्या जलमार्गांत त्याची गणना होते, आणि ती रास्तच आहे.

हेइनॅवेसीची दुसरी ओळख युद्धाने घडवली. लाडोगा सरोवरातील वालामो बेटावर शतकानुशतके ऑर्थोडॉक्स (पूर्वेकडील ख्रिस्ती पंथाचा) मठ होता. सोव्हिएत संघ व फिनलंड यांच्यातील 1939–40 च्या हिवाळी युद्धात तिथल्या भिक्षूंना बेट सोडावे लागले. बेट सोव्हिएत संघाकडे गेले आणि भिक्षूंनी 1940 मध्ये हेइनॅवेसीतील पापिन्निएमी ही जहागीर विकत घेऊन तिथे नवा वालामो मठ उभारला. लाडोगातीलच कोनेवित्सा मठाचे उरलेले भिक्षूही 1956 मध्ये इथे आले. त्यांनी जपलेली देवमातेची प्रतिमा आज याच मठात आहे. जुनी मंडळी एकेक करून गेली, मठ ओस पडतो की काय अशी वेळ आली. पण पुढे फिनिश तरुण येऊ लागले, 1977 मध्ये नवे चर्च उभे राहिले आणि उपासनेची भाषा स्लाव्होनिक या जुन्या धर्मभाषेऐवजी फिनिश झाली. फिनलंडमध्ये भिक्षूंचा ऑर्थोडॉक्स मठ हा एवढाच.

जोगिणींचा (स्त्री-भिक्षूंचा) देशातील एकमेव ऑर्थोडॉक्स मठही याच पालिकेत, पालोक्की येथे आहे. कारेलियन संयोगभूमीवरून (लाडोगा आणि फिनलंडचे आखात यांमधल्या जमिनीच्या पट्ट्यावरून) विस्थापित झालेला लिन्तुला मठ 1946 मध्ये इथे स्थिरावला. देशातील ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये जळणाऱ्या बारीक मेणवाती इथल्या जोगिणी बनवतात. बहुसंख्य लूथरपंथी (प्रॉटेस्टंट ख्रिस्ती) असलेल्या या गावकुसात घरदार हरवलेल्या दोन मठांना हक्काची जागा मिळाली, ही हेइनॅवेसीच्या इतिहासातली सर्वांत मोलाची गोष्ट मानली पाहिजे.

मुख्य वस्तीत टेकडीवर एकोणिसाव्या शतकाच्या अखेरचे मोठे लाकडी चर्च आहे. वनशेती, दूधदुभते आणि पर्यटन यांवर लोकांची गुजराण चालते. 1950 च्या दशकाच्या तुलनेत वस्ती निम्म्याहून कमी उरली असली, तरी उन्हाळ्यात सरोवरकाठची ‘म्योक्की’ (सुटीची लाकडी घरे) माणसांनी भरतात. पिएक्सॅमॅकी–योएन्सू लोहमार्गावर स्थानक आहे.

1990 मध्ये स्थापन झालेल्या कोलोवेसी राष्ट्रीय उद्यानाचा काही भाग पालिकेत येतो. इथे मोटारबोटींना बंदी आहे, कारण हा साइमा सीलचा अधिवास. हिमयुगानंतर समुद्रापासून तुटलेल्या या गोड्या पाण्यातील सीलची संख्या पाचशेच्या आसपासच आहे. मादी गोठलेल्या सरोवरावरील बर्फाच्या ढिगात बीळ करून पिलाला जन्म देते. हिवाळ्यात बर्फ अपुरा पडला की स्वयंसेवक फावड्यांनी किनाऱ्यालगत ढीग रचून ठेवतात.

पालिकेच्या हद्दीत आइतोलाम्पी येथे ग्राफाइटचा साठा सापडला. बॅटऱ्यांसाठी या खनिजाला मोठी मागणी आहे. परंतु खाणीचे सांडपाणी एका सरोवरातून दुसऱ्यात उतरत जाईल, या भीतीने रहिवाशांनी प्रस्तावाला सातत्याने विरोध केला आहे.