‘फ्री’वे म्हणजे फुकटचा रस्ता नव्हे

गणपतीला गाडी काढून गावी निघालेले चाकरमानी मुंबईच्या ईस्टर्न फ्रीवेवर चढले की मागच्या सीटवरून हमखास ऐकू येतं, “टोल नाय म्हणून फ्रीवे!” टोल नाही हे खरं, नावाचं कारण मात्र ते नाही.

इथलं ‘फ्री’ म्हणजे पैशातून नव्हे, अडथळ्यांतून मोकळं. सिग्नल नाही, चौक नाही, चढा-उतरायचं ते ठरलेल्या रॅम्पवरूनच. म्हणून तर दुचाकी आणि रिक्षांना तिथे मज्जाव आहे. रस्ता फुकट असूनही! २०१३ मध्ये पी. डि’मेलो रोड ते पांजरापोळ हा टप्पा खुला झाला, पुढचा घाटकोपर-मानखुर्द लिंक रोडपर्यंतचा २०१४ मध्ये. आणिकजवळ डोंगरातून जुळे बोगदे काढले. दक्षिण मुंबईची गाडी दादर-सायनच्या गर्दीत न शिरता थेट पूर्व उपनगरात, ही खरी कमाई.

गोंधळ वाढला तो पुढे नवी मुंबईच्या वाटेवरच्या वाशी टोलनाक्यामुळे. तिथे छोट्या गाड्यांना टोलमाफी मिळाली ती ऑक्टोबर २०२४ मध्ये, सरकारी निर्णयाने. फ्रीवेचा त्याच्याशी संबंध नाही. आणि शिवडीला फ्रीवेवरूनच अटल सेतूवर वळलात, तर सिग्नल तिथेही नाही, पण फास्टॅग वाजतोच.