ब्रिटनमध्ये पोलिसांनी झडती घेतली? नोंदीची प्रत, कॅमेऱ्याचं चित्रण आणि तक्रार: अर्ज कुठे, कधीपर्यंत, काय जोडून

रस्त्यात पोलिसांनी थांबवलं, खिसे आणि बॅग तपासली, काही सापडलं नाही, सोडून दिलं. प्रसंग जेमतेम दहा मिनिटांचा. ब्रिटनमध्ये शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मुलं तेव्हा गप्प बसतात, आणि दीड-दोन महिन्यांनी कुणीतरी सांगतं म्हणून तक्रारीच्या मागे लागतात. मग उत्तरं येतात: चित्रण पुसलं गेलं, या नावाची नोंद नाही, मुदत संपली. तीनही उत्तरं नियमाला धरून असतात, हीच खरी पंचाईत. मुदत एक नाही, निदान चार आहेत, आणि प्रत्येकीचा पहिला दिवस वेगळा.

खाली दिलेलं सगळं इंग्लंड आणि वेल्सला लागू आहे. स्कॉटलंड आणि उत्तर आयर्लंडचा कायदा वेगळा, त्याचं थोडक्यात शेवटी.

झालं ते नेमकं काय होतं?

‘कुठे निघालात, इथे काय करताय’ एवढंच विचारून सोडलं असेल तर ती नुसती विचारपूस. तिला उत्तर देण्याचं बंधन नाही आणि तिची लेखी नोंद ठेवण्याची कायद्याची सक्तीही नाही. अशा विचारपुशीच्या नोंदीची प्रत मागितली तर हाती काही लागत नाही. गाडी चालवत असाल तर गोष्ट निराळी. रोड ट्रॅफिक ॲक्ट १९८८ च्या कलम १६३ खाली गणवेशातल्या पोलिसाने हात केला की थांबावंच लागतं आणि परवाना दाखवावा लागतो. जवळ नसेल तर ७ दिवसांत ठाण्यात नेऊन दाखवायची सवलत मिळते.

हात खिशात गेला, बॅग उघडली, की ती झडती. तिचा नेहमीचा आधार म्हणजे पोलीस अँड क्रिमिनल एव्हिडन्स ॲक्ट १९८४, ज्याला तिथे सगळे ‘पेस’ म्हणतात, त्याचं कलम १. चोरीचा माल, हत्यार वगैरे जवळ असल्याचा सकारण संशय हवा. अमली पदार्थांसाठी १९७१ च्या मिसयूज ऑफ ड्रग्ज ॲक्टचं कलम २३. यातही संशय लागतोच. पण १९९४ च्या एका कायद्याचं कलम ६० आहे. इन्स्पेक्टर किंवा वरच्या अधिकाऱ्याने ठरावीक भागापुरता, ठरावीक तासांसाठी हुकूम काढला की त्या भागात संशयाशिवायही झडती घेता येते. मग ‘माझ्यावर संशय घ्यायला कारणच नव्हतं’ हा मुद्दा तिथेच गळून पडतो. हुकूम त्या वेळी आणि त्या गल्लीला लागू होता का, हा खरा प्रश्न उरतो. झडती कोणत्या कलमाखाली झाली हे कळल्याशिवाय तक्रारीचं एक वाक्यही लिहू नका.

ते कलम पोलिसाने तोंडी सांगायचंच असतं. प्रशिक्षणात त्यांच्याकडून ‘गो-वाइजली’ असा एक शब्द घोकून घेतात. त्यातल्या एकेका इंग्रजी अक्षरामागे एकेक गोष्ट आहे: संशयाचं कारण, शोध कशाचा, साध्या कपड्यांत असल्यास ओळखपत्र, स्वतःचं नाव किंवा नंबर, ठाणं कोणतं, नोंदीची प्रत मिळण्याचा हक्क, कायद्याचा आधार, आणि ‘तुम्हाला झडतीसाठी थांबवून ठेवलं आहे’ हे स्पष्ट शब्दांत. यातलं काय सांगितलं आणि काय गाळलं, ते त्याच दिवशी मोबाइलवर टिपून ठेवा. आणखी एक गोष्ट टिपायची: चारचौघांत फक्त बाहेरचा कोट, जाकीट आणि हातमोजे काढायला लावता येतात. एरवी त्याहून जास्त काही काढायला लावायचं तर आडोशाला न्यावं लागतं.

नोंदीची प्रत: नाव नसलेला कागद

प्रत मागण्याचा हक्क दोघांना आहे. एक, जिची झडती झाली ती व्यक्ती. दुसरा, गाडीची झडती झाली असेल तर गाडीचा मालक किंवा त्या वेळी ती ज्याच्या ताब्यात होती तो. मित्राची गाडी चालवत होतात तर तुम्हीही मागू शकता, मित्रही.

मुदत ३ महिने, आणि मोजणी झडतीच्या दिवसापासूनच सुरू होते, दुसऱ्या दिवसापासून नाही. १० मार्चला झडती झाली तर ९ जून हा शेवटचा दिवस. जुन्या माहितीपत्रकांत १२ महिने लिहिलेलं असतं. तो नियम बदलून वर्षं झाली, तरी जुन्या आकड्यावर विसंबून बसणारे अजून भेटतात.

सर्वात उत्तम म्हणजे जागेवरच प्रत मागणं. नोंद मोबाइलवर किंवा टॅबवर झाली तर पूर्ण प्रतीऐवजी पावती मिळेल आणि तिच्यावर संदर्भ क्रमांक असेल. ती चिठ्ठी खिशात चुरगाळू नका, तिथल्या तिथे तिचा फोटो काढा.

इथे एक गाठ आहे. झडतीच्या वेळी नाव, पत्ता, जन्मतारीख सांगण्याचं बंधन नाही आणि नोंदीतही ते असावंच लागत नाही. त्यामुळे नाव न सांगणं योग्यच. पण मग ‘माझ्या नावाची नोंद द्या’ असा अर्ज केला तर ती सापडणार कशी? तेव्हा अर्जात नावाआधी हे लिहा: तारीख, वेळ (पाच-दहा मिनिटांच्या फरकाने), रस्ता आणि जवळची खूण, पोलिसाच्या खांद्यावरचा नंबर, तुमच्या अंगावरचे कपडे, सोबत कितीजण होते. नोंदीत वंशाचा रकानाही असतो आणि तो तुम्ही सांगाल तसाच भरायचा असतो. ‘इंडियन’ म्हणालात तर ‘ए१’ असा संकेत पडतो. शोधायला तोही उपयोगी पडतो.

पोलीस कोणते?

‘लंडन पोलीस’ नावाचं दलच नाही. इंग्लंड-वेल्समध्ये ४३ प्रादेशिक दलं आहेत, आणि रेल्वेसाठी ब्रिटिश ट्रान्सपोर्ट पोलीस वेगळे. किंग्ज क्रॉस स्टेशनात प्लॅटफॉर्मजवळ अडवलं तर बहुधा ट्रान्सपोर्ट पोलीस, त्याच स्टेशनाबाहेर रस्त्यावर अडवलं तर बहुधा मेट्रोपॉलिटन, म्हणजे लंडनच्या बहुतेक भागाचं दल, आणि बँक-सेंट पॉल्स भागात अडवलं तर सिटी ऑफ लंडन पोलीस. तीन दलं, तीन कार्यालयं, तीन वेगळे अर्ज. गणवेश लांबून सारखेच दिसतात, म्हणून टोपीवरचं किंवा खांद्यावरचं दलाचं नाव वाचा. चुकीच्या दलाला पाठवलेला अर्ज ‘आमच्याकडे अशी नोंद नाही’ एवढ्या उत्तरानिशी परत येतो, आणि तेवढ्यात पुढची सगळ्यात छोटी मुदत उलटलेली असते.

कॅमेऱ्याचं चित्रण: ३१ दिवस

पोलिसाच्या छातीवरच्या कॅमेऱ्याने टिपलेलं चित्रण एखाद्या प्रकरणात पुरावा म्हणून राखलेलं नसेल, तर ते बऱ्याच दलांत ३१ दिवसांनी आपोआप पुसलं जातं. मेट्रोपॉलिटनमध्येही हेच. काहीच न सापडलेल्या झडतीचं चित्रण पुरावा म्हणून राखून ठेवायला कुणी बसलेलं नसतं. म्हणजे ज्याच्यावर खरोखर अन्याय झाला, त्याचंच चित्रण सर्वांत आधी जातं! याला कुणी काय म्हणावं?

उपाय साधा आहे. पहिल्या आठवड्यातच दलाच्या संकेतस्थळावरून ‘सब्जेक्ट ॲक्सेस रिक्वेस्ट’ करा. डेटा प्रोटेक्शन ॲक्ट २०१८ खाली स्वतःची माहिती मागण्याचा हा अर्ज. फी नाही, आणि उत्तराची साधारण मुदत एक महिना. अर्जाच्या पहिल्या ओळीत लिहा की अमुक वेळचं चित्रण जपून ठेवा, पुसू नका. तीच ओळ दलाच्या प्रोफेशनल स्टँडर्ड्स विभागालाही (पोलिसांच्या वर्तनाच्या तक्रारी बघणारा विभाग) ईमेल करा आणि पोचपावती मागा.

कागद दोन: फोटो असलेलं ओळखपत्र आणि पत्त्याचा पुरावा. ओळखपत्र म्हणून पासपोर्ट लावा. बीआरपी, म्हणजे परदेशी नागरिकांना मिळणाऱ्या राहण्याच्या परवान्याच्या कार्डांची मुदत २०२४ च्या अखेरीस संपली आहे, ती आता कामाची नाहीत. अडतं ते पत्त्यावर. पाचजणांच्या भाड्याच्या घरात वीजबिल एकाच्याच नावावर असतं. बँकेचं स्टेटमेंट किंवा विद्यापीठाचं पत्ता असलेलं पत्र चालेल का, हे अर्जाबरोबरच विचारून घ्या. ओळख पटेपर्यंत महिन्याची मोजणी सुरूच होत नाही. पासपोर्टवर वडिलांचं नाव पहिल्या नावाला जोडून आलेलं असेल तर अर्जातही तसंच लिहा. बँकेत ‘प्रसाद जाधव’ आणि पासपोर्टवर ‘प्रसाद विलास जाधव’ एवढा फरकही शंकेला पुरतो. सोबत त्या दिवसाच्या कपड्यांतला एक फोटो जोडला तर चित्रणात तुम्हाला ओळखणं सोपं जातं. बाकीच्यांचे चेहरे पुसट करूनच देतात, त्यावर भांडू नका.

ठाण्यात नेलं असेल तर

झडतीसाठी थांबवणं म्हणजे अटक नव्हे, आणि त्याने गुन्ह्याची नोंदही होत नाही. अटक मात्र लपवता येत नाही. अमेरिकेच्या व्हिसाच्या अर्जात पूर्वी कधी अटक झाली होती का, असा थेट प्रश्न असतो. अटक होऊन ठाण्यात ठेवलं असेल तर तिथे ‘कस्टडी रेकॉर्ड’ लिहिलं जातं: किती वाजता आणलं, हक्क कधी सांगितले, वकील कधी आला, कधी सोडलं. सुटल्यापासून १२ महिन्यांत त्याची प्रत मागता येते, आणि पुढे उपयोग होवो न होवो, ती मागाच. ठाण्यात वकील फुकट मिळतो, दुभाषाही फुकट, आणि परदेशी नागरिकाला आपल्या उच्चायुक्तालयाला कळवायला सांगता येतं. हे हक्क न घेता ‘लवकर सुटू’ म्हणून सही करणारे पुढे पस्तावतात.

तक्रार

कोण करू शकतो? ज्याला त्रास झाला तो, प्रत्यक्ष हजर असलेला साक्षीदार, किंवा त्रास झालेल्याने लेखी संमती दिलेला माणूस. पुण्यात बसून व्हॉट्सॲपवर व्हिडिओ बघितलेल्या काकांना स्वतःच्या नावाने तक्रार करता येत नाही. मुलाच्या सहीचं संमतिपत्र जोडलं तर त्याच्या वतीने करता येते.

आयओपीसी, म्हणजे पोलिसांवर लक्ष ठेवणारी स्वतंत्र संस्था, तिच्या संकेतस्थळावरही फॉर्म आहे. पण तो भरला तरी तक्रार सहसा त्याच दलाकडे जाते. ‘स्वतंत्र संस्थेकडे दिली’ या समाधानात राहू नका. तक्रारीला ठाम मुदत नाही. मात्र १२ महिने उलटले की उशिराचं कारण विचारतात.

खरा सापळा यानंतर आहे. काही दिवसांत गोड आवाजात फोन येतो: झाल्याबद्दल वाईट वाटतं, आपण हे बोलूनच मिटवू या का? ‘हो’ म्हटलंत की तक्रार पोलीस रिफॉर्म ॲक्ट २००२ च्या तिसऱ्या परिशिष्टाबाहेर, म्हणजे ‘शेड्यूल थ्री’च्या औपचारिक प्रक्रियेबाहेर हाताळली जाते. चूक तशी काही नाही, किरकोळ उद्धटपणा असेल तर हाच रस्ता बरा. पण तिथे फेरतपासणीचा हक्क नाही, आणि हे अर्जदाराला उमगतं निकाल हाती आल्यावर. तक्रार परिशिष्टाखाली नोंदवा असं तुम्ही म्हटलंत तर नोंदवावीच लागते. तेव्हा तक्रारीतच, शेवटच्या वेगळ्या ओळीत, ‘शेड्यूल थ्री’ खाली नोंद हवी असं लिहून टाका.

निकालाचं पत्र पसंत नसेल तर फेरतपासणीसाठी २८ दिवस. मोजणी पत्रावरच्या तारखेच्या दुसऱ्या दिवसापासून. पत्र तुमच्या हातात कधी पडलं त्याला किंमत नाही. १ जूनचं पत्र असेल तर २९ जूनला खेळ संपला. शिक्षण संपवून भारतात परतलेल्यांचं पत्र जुन्या फ्लॅटच्या टपालपेटीत पडून राहतं आणि तिथेच मरतं. म्हणून पहिल्याच दिवशी सगळा पत्रव्यवहार ईमेलने करा असं लिहून द्या. अर्ज कुणाकडे करायचा, आयओपीसीकडे की स्थानिक पोलीस आयुक्ताच्या कार्यालयाकडे (लंडनमध्ये महापौरांच्या), ते त्या पत्रातच लिहिलेलं असतं. हा आयुक्त म्हणजे आपल्याकडचा पोलीस आयुक्त नव्हे, तो लोकांनी निवडून दिलेला असतो. फेरतपासणीत नवी हकिगत सांगायची नसते. पहिल्या चौकशीत काय तपासायचं राहिलं तेवढं दाखवायचं: साक्षीदाराला विचारलं नाही, चित्रण पाहिलं नाही, कलम ६० च्या हुकमाची वेळ पडताळली नाही.

तक्रारीतून भरपाई मिळत नाही. तो दिवाणी दाव्याचा विषय, आणि मानवी हक्क कायद्याखालच्या दाव्याला तर एकच वर्ष आहे. तुमच्यावर खटला चालू असेल तर वकिलाला विचारल्याशिवाय तक्रार पाठवू नका. तक्रारीत लिहिलेली हकिगत कोर्टात तुमच्याच विरुद्ध वाचली जाऊ शकते.

स्कॉटलंड, उत्तर आयर्लंड

स्कॉटलंडमध्ये एकच दल, पोलीस स्कॉटलंड. झडतीनंतर पावती मिळते आणि नोंदीची प्रत मागायला ६ महिने असतात. तक्रार आधी दलाकडेच करायची, त्यांच्या हाताळणीवर समाधान नसेल तर पीआयआरसीकडे, म्हणजे तिथल्या पोलिसांवर लक्ष ठेवणाऱ्या स्वतंत्र संस्थेकडे. उत्तर आयर्लंडमध्ये तक्रार थेट पोलीस ओम्बड्समनकडे, म्हणजे पोलिसांविरुद्धच्या तक्रारी तपासणाऱ्या स्वतंत्र कार्यालयाकडे जाते, सर्वसाधारण मुदत घटनेपासून १२ महिने. या दोन्ही ठिकाणच्या तक्रारी आयओपीसीच्या फॉर्मवर भरू नका.