किरणोपचारातील स्वयंचलित सीमांकन

कर्करोगावर किरणोपचार (बोलीभाषेत ‘रेडिएशन’) सुरू करण्यापूर्वी गाठ आणि तिच्याभोवतीचे निरोगी अवयव यांच्या कडा रुग्णाच्या सीटी स्कॅनवर आखाव्या लागतात. हे काम संगणकाकडून करून घेणे म्हणजे स्वयंचलित सीमांकन. विभागात मात्र सगळे ‘ऑटो-कंटूरिंग’च म्हणतात.

तोंड-घशाच्या कर्करोगात ही आखणी फार किचकट. गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी चेहऱ्यावर दाबून मुखवटा करतात, तो कडक झाला की डोके हलत नाही, आणि तसाच स्कॅन होतो. दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या शेकडाभर छेदांवर (स्कॅनमधल्या आडव्या कापांच्या चित्रांवर) लाळग्रंथी, मज्जारज्जू, जबडा माऊसने गिरवायचे. यात काही तास सहज जातात. कानापुढच्या लाळग्रंथींना सरासरी २५ ग्रे (किरणांची मात्रा मोजण्याचे एकक) यापेक्षा जास्त मात्रा मिळाली तर तोंड कायमचे कोरडे पडण्याचा धोका वाढतो. मग भाकरीचा घास पाण्याशिवाय उतरत नाही.

पूर्वी आधीच्या रुग्णाचा आखलेला नकाशा नव्या स्कॅनवर ताणून बसवत. शस्त्रक्रियेने जबडा काढलेल्या माणसावर तो कसा बसणार? २०१५ साली जर्मनीतील फ्रायबुर्ग विद्यापीठात ‘यू-नेट’ हे न्यूरल नेटवर्क (उदाहरणांवरून शिकणारी संगणकप्रणाली) तयार झाले आणि चित्र पालटले. आजच्या बऱ्याच प्रणाली त्याच घराण्यातल्या. कोणते उपचार-तंत्रज्ञान वापरावे याचा सल्ला देणाऱ्या ब्रिटनच्या ‘नाइस’ या संस्थेने २०२३ मध्ये अशा नऊ प्रणालींना परवानगी दिली, पण प्रत्येक रेषा प्रशिक्षित व्यक्तीने तपासण्याच्या अटीवर.

ही अट रास्तच आहे. दातांत भरलेल्या चांदीमुळे स्कॅनवर पांढरे पट्टे उमटतात, तिथे संगणक चकतो. अचूकता मोजणारा ‘डाइस’ गुणांकही फसवा: मज्जारज्जूचे एक-दोन छेद सुटले तरी आकडा जेमतेम हलतो. शिवाय गाठीबाहेर पसरलेल्या सूक्ष्म पेशी स्कॅनवर दिसतच नाहीत. गाठीसोबत किरणांखाली घ्यायचा तो भाग (सीटीव्ही) डॉक्टर बोटाने चाचपून, बायोप्सीचा अहवाल वाचून आणि रोग कोणत्या वाटेने पसरतो हे जाणून ठरवतात.

वेळेची बचत खरी कामी येते ती उपचाराच्या मध्यावर. सहा-सात आठवड्यांत वजन घटते, मुखवटा सैल होतो, लाळग्रंथी आक्रसून आत सरकतात. पुन्हा स्कॅन काढून सगळे नव्याने आखायला गर्दीच्या विभागात पूर्वी सवड कुणाला होती!