खुब्याच्या कृत्रिम सांध्यालगतचा अस्थिभंग

खुब्याचा सांधा बदलल्यावर मांडीच्या हाडात बसवलेल्या धातूच्या दांड्याभोवती किंवा त्याखाली ते हाड (ऊर्वस्थी) मोडणे. दांडा ठोकून बसवताना हाड चिरते, किंवा पुढे काही आठवड्यांनी, क्वचित वीस वर्षांनीही, साध्या पडण्याने मोडते. उखळीकडील हाडाचे भंग विरळ असल्याने येथे त्यांचा विचार केलेला नाही.

अशा भंगाचे पहिले वर्णन बहुधा १९५४ मधील असावे. ब्रिटिश शल्यविशारद जॉन चार्नली यांची पूर्ण सांधाबदलाची पद्धत १९६२ च्या सुमारास स्थिरावली, म्हणजे हे वर्णन त्याआधीचे, केवळ हाडाचे डोके बदलण्याच्या काळातील ठरते.

प्रमाण : आकडे कोण मोजतो यावर बदलतात. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमधील ३२,६४४ प्राथमिक (पहिल्यांदाच सांधा बदलण्याच्या) शस्त्रक्रियांच्या पाहणीत (२०१६) शस्त्रक्रियेदरम्यान १.७ टक्के आणि नंतरच्या २० वर्षांत एकूण सु. ३.५ टक्के भंग आढळले. दुसऱ्यांदा सांधा बदललेल्यांत प्रमाण याच्या कितीतरी पट असते. राष्ट्रीय सांधाबदल नोंदवह्यांतील आकडे याहून कमी दिसतात. पण अनेक नोंदवह्या दांडा किंवा उखळी बदलली तरच शस्त्रक्रियेची नोंद घेतात. हाड जोडणारी नुसती प्लेट (धातूची पट्टी) लावलेला रुग्ण त्यातून निसटतो. त्यामुळे सलग रुग्णांच्या पाहण्यांवर अधिक भिस्त ठेवणे योग्य.

कारणे : सिमेंटविना (दांडा हाडात पक्का करणाऱ्या लुकणाविना) बसणारा दांडा कोरलेल्या पोकळीपेक्षा किंचित मोठा असतो आणि घट्ट दाबूनच टिकतो. ठोकताना हाडावर आतून बाहेर ताण येतो. वृद्धापकाळी, विशेषतः स्त्रियांत, मज्जापोकळी रुंदावते व हाडाचे बाहेरचे कवच पातळ होते (मांडीच्या हाडाच्या आकाराच्या डॉर वर्गीकरणातील ‘क’ प्रकार). असे हाड उभे चिरते. पोकळी घडवणारी कोरणी ठोकताना आवाज अचानक बदलला किंवा ती एकदम खाली सरकली, तर चीर गेली असे समजून हाड उघडे करून पाहावे. चीर लहान असल्यास दांडा काढून हाडाला तारेचे वेढे घालतात व दांडा पुन्हा बसवतात. चीर दांड्याच्या टोकापर्यंत गेली असेल तर लांब दांडा लागतो. पहिल्या तीन महिन्यांतील बरेच भंग अशा न दिसलेल्या चिरांचे असतात.

सिमेंटने हा धोका बराच घटतो, संपत नाही. गुळगुळीत निमुळता दांडा सिमेंटमध्ये किंचित खाली सरकण्यासाठीच घडवलेला असतो. पडल्यावर तो पाचरीसारखा हाड फोडतो, तेव्हा सिमेंट व हाड दोन्ही एकदम फुटलेले दिसतात. उशिराच्या भंगांत कृत्रिम उखळीतील प्लास्टिकच्या झिजेच्या कणांनी पोखरलेले हाड आणि सैल झालेला दांडा ही मुख्य कारणे. अस्थिसुषिरता (हाडे ठिसूळ होणे), संधिवाताभ संधिशोथ आणि मुळात खुबा मोडल्यामुळे झालेला सांधाबदल यांनी धोका वाढतो.

वर्गीकरण : १९८१ मधील योहान्सन यांची विभागणी केवळ भंगाच्या जागेवर आधारलेली होती. १९९५ च्या व्हँकुव्हर वर्गीकरणाने दांड्याची पकड आणि हाडाची प्रत जोडली, आणि तेच रूढ झाले. ‘ए’ म्हणजे वरच्या उंचवट्यांचा भंग, ‘सी’ म्हणजे दांड्याच्या टोकाच्या बराच खाली. मधल्या ‘बी’ प्रकारात बी१ मध्ये दांडा घट्ट असतो, बी२ मध्ये सैल पण हाड चांगले, आणि बी३ मध्ये दांडा सैल व हाडही निकामी.

व्यवहारात सारा घोळ बी१ आणि बी२ यांतील फरकाचा आहे. सैल दांडा घट्ट समजून केवळ प्लेट लावली, तर प्लेट तुटते किंवा भंग जुळत नाही. स्वीडनच्या सांधाबदल नोंदवहीतील बी१ ची अपयशे बरीचशी याच चुकीची असावीत, हे मत ग्राह्य वाटते. जुन्या क्ष-किरण चित्राशी तुलना करून दांडा खाली सरकला आहे का, सिमेंटला तडा आहे का, हे पाहावे. पडण्यापूर्वी पहिली पावले टाकताना मांडी दुखत होती का, हेही विचारावे. शंका उरल्यास शस्त्रक्रियेत दांडा हलवून खात्री करतात.

उपचार : बी१ ला लॉकिंग प्लेट (जिच्यात स्क्रू अडकून पक्के बसतात) व केबल (हाडाभोवती आवळायची तार). दांडा असलेल्या भागात जाड स्क्रू मावत नाहीत, म्हणून तेथे केबल आणि हाडाच्या एकाच बाजूच्या कवचात रुतणारे आखूड स्क्रू वापरतात. बी२ ला भंगाच्या खाली हाडाच्या व्यासाच्या किमान दुप्पट जाणारा लांब दांडा. बी३ ला दात्याचे हाड किंवा वरचा भागच बदलणारा मोठा सांधा. ‘सी’ मध्ये प्लेट दांड्याच्या टोकावर चढवतात. दोन धातूंमध्ये मोकळी जागा ठेवल्यास हाड नेमके तेथेच पुन्हा मोडते.