पार्श्वभूमी : फार्मसीचा रिव्ह्यू पेपर आणि बदलत्या याद्या

फेब्रुवारी २०२५ मध्ये उच्च शिक्षणाच्या केंद्रीय आयोगाने (यूजीसीने) मान्य जर्नलांची ‘केअर’ यादी बंद केली. कोणते जर्नल घ्यायचे आणि कोणते नाही, हे आता ज्या त्या संस्थेने ठरवायचे. तेव्हापासून सोलापूर जिल्ह्यातल्या फार्मसी कॉलेजांच्या स्टाफरूममध्ये एक प्रश्न घोळतो आहे: लिहून तयार असलेला रिव्ह्यू, म्हणजे एखाद्या विषयावर छापून आलेल्या संशोधनाचा आढावा, पाठवायचा कुठे? पेच वरवर साधा वाटतो, पण त्याच्या मागे पंधरा वर्षांचे नियम आहेत. त्याआधीचा इतिहास थोडक्यात आटोपता येतो.

आपल्याकडे पदवी स्तरावरचे फार्मसी शिक्षण १९३२ मध्ये बनारसला सुरू झाले. या विषयाचे देशातले जुने नियतकालिकही तिथूनच १९३९ मध्ये निघाले आणि १९७८ मध्ये त्याने सध्याचे नाव घेतले. योगायोगाने त्याच वर्षी काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक कॅनडातल्या व्हँकुव्हरला जमले होते. आपण आज मजकुरात आकडे टाकून शेवटी क्रमाने संदर्भ देतो, ती पद्धत त्या बैठकीतून रुळली. त्या काळी रिव्ह्यू लिहिणे हे ज्येष्ठांचे काम समजले जाई. विषयात हयात घालवलेल्या माणसाकडे संपादक लेख मागत, आणि तो आपल्या अधिकारात लिही. काय वाचले, काय वगळले, हे त्याला कोणी विचारत नसे. १९८७ मध्ये एका अमेरिकन अभ्यासात चार मोठ्या वैद्यकीय नियतकालिकांतले ५० रिव्ह्यू आठ निकषांवर तपासले गेले. त्यातला एकच लेख सहा निकषांपर्यंत पोहोचला, बाकीचे त्याच्याही खाली राहिले. पुढे रिव्ह्यूलाही ‘मेथड’ हवी हा आग्रह आला, २००९ मध्ये असे रिव्ह्यू कसे मांडावेत हे सांगणारी प्रिझ्मा ही २७ मुद्द्यांची तपासयादी आली आणि २०२० ची सुधारित आवृत्ती आता बहुतेक ठिकाणी मागितली जाते.

सोलापूरला यातले फारसे काही त्या त्या वेळी पोहोचले नाही. इथली कॉलेजे २००४ पर्यंत कोल्हापूरच्या विद्यापीठाशी संलग्न होती. जिल्ह्याचे स्वतंत्र विद्यापीठ १ ऑगस्ट २००४ रोजी झाले. संदर्भ हवे असतील तर रात्रीच्या सिद्धेश्वर एक्स्प्रेसने मुंबई गाठायची, ग्रंथालयात दिवसभर बसायचे आणि झेरॉक्सचा गठ्ठा घेऊन परतायचे. १९९७ मध्ये पबमेड हा वैद्यकीय लेखांचा डेटाबेस सगळ्यांसाठी मोफत खुला झाला आणि सारांश तरी सोलापूरच्या केगावात बसून वाचता येऊ लागले. पूर्ण लेख मात्र बहुतेकदा पैशांच्या कुलपातच राहिले. सारांश मोफत आणि लेख महाग, या एका गोष्टीने इथल्या रिव्ह्यूंचा पोत ठरवला, असे माझे मत आहे. मूळ पेपर न वाचता सारांशावरून लिहायची सवय तिथे लागली.

खरी उलथापालथ २०१० ची. त्या वर्षीच्या नियमांनी शिक्षकांच्या नेमणुका आणि बढत्या एपीआय गुणांना, म्हणजे शैक्षणिक कामगिरीच्या गुणांना बांधल्या. (चिंचोळी एमआयडीसीत तयार होतो तो एपीआय, म्हणजे औषधातला मूळ घटक, वेगळा.) रेफरीड, म्हणजे छापण्याआधी तज्ज्ञांकडून (रेफरींकडून) लेख तपासून घेणाऱ्या जर्नलमधल्या पेपरला १५ गुण. रेफरीड नसले तरी नावाजलेले आणि आयएसएसएन क्रमांक असलेले नियतकालिक असेल तर १०. वास्तविक आयएसएसएन हा नुसता ओळखक्रमांक. मागणाऱ्याला तो मोफत मिळतो, दर्जाशी त्याचा काही संबंध नाही. पण नियमात तो उमटला आणि मुखपृष्ठावर आयएसएसएन ठळक छापणाऱ्या जर्नलांचे पीक आले. फार्मसीच्या शिक्षकावर एकाच वेळी दोन-तीन मंडळांचे नियम चालतात, तरी बढतीच्या फाईलची भाषा हीच झाली.

आता या शिक्षकाच्या जागी बसून बघा. प्रयोग करायचा तर एचपीएलसी या विश्लेषणाच्या यंत्राचा कॉलम, सॉल्व्हंट, प्राण्यांवर काम असेल तर नैतिकता समितीची मंजुरी, आणि वर आठवड्याला ठासून भरलेले प्रॅक्टिकल. रिव्ह्यूला लागतो लॅपटॉप आणि इंटरनेट. दुसरीकडे रिव्ह्यूचा हवाला मूळ संशोधनापेक्षा जास्त दिला जातो, त्यामुळे इम्पॅक्ट फॅक्टर (लेखांना सरासरी किती हवाले मिळतात तो आकडा) वाढवू पाहणाऱ्या चांगल्या जर्नलांनाही तो हवाच होता. फी घेऊन आठवड्यात छापणाऱ्यांना तर काहीही चालत होते. मागणी दोन्हीकडून आली.

त्यात २०१७ पासून बी.फार्म.चा नवा अभ्यासक्रम लागू झाला. शेवटच्या सत्रात प्रोजेक्ट सक्तीचा. गटात पाचपेक्षा जास्त विद्यार्थी नकोत, रिपोर्ट २५ पानांपेक्षा कमी नको. प्रयोगशाळेची सोय सगळ्यांना पुरत नाही म्हणून बरेच प्रोजेक्ट ‘लिटरेचर’चे होतात. बांधलेल्या रिपोर्टच्या तीन प्रती दिल्या की तोच मजकूर आखडून रिव्ह्यू म्हणून पाठवायचा. पाच विद्यार्थी आणि गाईड, असे सहा लेखक. पीएच.डी.वाल्यांचेही वेगळे नव्हते. २००९ च्या नियमांपासून प्रबंध देण्याआधी एक पेपर छापून येणे सक्तीचे होते, आणि हाताशी सर्वांत आधी तयार असते ते पूर्वसंशोधनाचे प्रकरण. ती सक्ती नोव्हेंबर २०२२ च्या नियमांत उठली.

या सगळ्यातून काय निघाले, ते बघायला सोलापूरचा हक्काचा विषय घ्या: डाळिंब. जिल्ह्यात बागा आहेत, केगावला राष्ट्रीय संशोधन केंद्र आहे, २०१६ पासून भौगोलिक मानांकन आहे. त्यामुळे डाळिंबाच्या सालीवर रिव्ह्यू लिहिण्याचा मोह कोणालाही होतो. असे पाच-सहा लेख शेजारी ठेवून वाचले की आधी वर्गीकरणाचा तक्ता येतो, मग सालीतली प्युनिकॅलॅजिन आणि इलॅजिक आम्ल ही रसायने, मग जंतुरोधक, दाहशामक, मधुमेहरोधक अशी गुणांची माळ. किती मात्रा, कोणता अर्क, उंदरावर की पेशींवर, याचा पत्ता नाही. डाळिंबाचे कुळ बऱ्याच लेखांत अजून ‘प्युनिकेसी’ असे छापलेले असते. आताच्या वर्गीकरणात ते लिथ्रेसीत गेले आहे. जुन्या रिव्ह्यूवरून नवा, त्यावरून आणखी नवा, अशी ही वाकळ शिवली जाते आणि जुने ठिगळ तसेच पुढे जाते. चांगल्या जर्नलचा रेफरी नेमका इथेच बोट ठेवतो.

याद्यांची कहाणी इथून सुरू होते. ती जरा सविस्तर सांगायला हवी, कारण सगळा राग आणि सगळा गोंधळ तिथेच साठला आहे.

२०१३ मध्ये एका विज्ञान साप्ताहिकाच्या पत्रकाराने बनावट पेपर रचून ३०४ जर्नलांना पाठवला. विषय औषधाचाच होता: लायकेनमधला एक रेणू कॅन्सरच्या पेशींची वाढ रोखतो म्हणे. त्यातल्या चुका सहज दिसाव्यात अशाच ठेवल्या होत्या, तरी १५७ जर्नलांनी तो स्वीकारला. ज्यांना तो पाठवला त्यातली सुमारे एक-तृतीयांश जर्नले भारतातली होती. नाचक्की झाली. जुलै २०१६ मध्ये आयोगाने नियम बदलला की गुण फक्त आमच्या यादीतल्या जर्नलांनाच. जानेवारी २०१७ मध्ये यादी आली, ३८ हजारांहून जास्त नावांची. आणि मग तो निर्णय झाला, ज्यावर अजून वाद होतात: विद्यापीठांनी आपल्याकडची जर्नले सुचवावीत.

हेतू समजण्यासारखा होता. मराठी, कन्नड, तेलुगूतली चांगली नियतकालिके आंतरराष्ट्रीय डेटाबेसात नसतात, ती सुटू नयेत. पण दार उघडले ते सगळ्यांसाठीच. पुण्याच्या एका गटाने २०१८ मध्ये विद्यापीठांकडून आलेली आणि डेटाबेसात नसलेली १००९ जर्नले तपासली. त्यातली ८८ टक्क्यांहून अधिक निकषांत बसली नाहीत. कुणाचा पत्ता खोटा, कुणाचा इम्पॅक्ट फॅक्टर बनावट. दरम्यान ‘अप्रूव्हड जर्नल’ हा शिक्का मात्र वेबसाइटवर सोनेरी अक्षरांत झळकत होता, आणि ज्या शिक्षकांनी नियम पाळून, यादी बघून तिथे पेपर दिले त्यांना त्यात काही वावगे दिसायचे कारणच नव्हते. २ मे २०१८ रोजी आयोगाने एका फटक्यात ४३०५ जर्नले काढली. त्यात काही प्रतिष्ठित नावेही गेल्याची ओरड झाली. रिव्ह्यू पाठवून, फी भरून बसलेल्यांचे हाल झाले: पेपर स्वीकारला तेव्हा जर्नल यादीत, अंक निघाला तेव्हा यादीबाहेर.

आयोगाची बाजू अशी की घाण साफ करायची तर कुठूनतरी सुरुवात करावीच लागते. ते खरेच आहे. पण दार उघडले कोणी, याचे उत्तर त्यात नाही. पुढे २०१८ च्या अखेरीस केअरची घोषणा झाली आणि १४ जून २०१९ पासून नवी यादी चालू झाली. तिचे पुढे दोन गट झाले: एकात तपासून घेतलेली जर्नले, दुसऱ्यात जागतिक डेटाबेसांतली. फार्मसीवाल्यांचा ओढा अर्थातच दुसऱ्या गटाकडे, म्हणजे व्यवहारात स्कोपस या डेटाबेसकडे. तिथे ‘क्लोन’ जर्नलांचे नवे दुखणे उभे राहिले. खऱ्या जर्नलचे नाव आणि आयएसएसएन उचलून हुबेहूब वेबसाइट काढायची आणि फी गोळा करायची.

या काळातच गुणांचा तक्ताही बदलला. २०१८ च्या नियमांत विज्ञानशाखांच्या पेपरला मूळ ८ गुण धरले आणि इम्पॅक्ट फॅक्टरप्रमाणे वेगळी चढती श्रेणी दिली. २ ते ५ असेल तर २०, १० च्या वर असेल तर ३०. दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा करस्पाँडिंग (जर्नलशी पत्रव्यवहार करणाऱ्या) लेखकाला ७० टक्के, बाकीच्यांना प्रत्येकी ३० टक्के. सहा लेखकांच्या रिव्ह्यूत करस्पाँडिंग कोण, यावरून रुसवेफुगवे होतात ते याच ओळीमुळे. तक्त्यात शब्द आहे ‘रिसर्च पेपर’. रिव्ह्यू त्यात बसतो का, हे स्पष्ट लिहिलेले नाही. एखादी समिती धरते, एखादी नाही.

जुलै २०१८ च्या प्लॅगॅरिझमविषयक (वाङ्मयचौर्याच्या) नियमांनी लिहिण्याची पद्धतच बदलली. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर कारवाई नाही. त्यावर ४० टक्क्यांपर्यंत असेल तर मॅन्युस्क्रिप्ट मागे घ्यायचे. ४० ते ६० मध्ये एक वार्षिक वेतनवाढ जाते आणि दोन वर्षे गाईडशिप बंद, ६० च्या वर दोन वेतनवाढी आणि तीन वर्षे. संदर्भसूची, नीट श्रेय दिलेली अवतरणे, सर्वसाधारण संज्ञा मोजायच्या नाहीत. योगायोगाने सारखे आलेले सलग १४ शब्दही माफ. प्रयोगाच्या पेपरला हे सोपे जाते. रिव्ह्यू मुळात दुसऱ्यांच्या कामावरच उभा, त्यामुळे तिथे घाम फुटतो. मग शब्द फिरवून देणारी सॉफ्टवेअरे आली. ‘इन व्हिट्रो’ (शरीराबाहेर, प्रयोगशाळेत केलेले) या संज्ञेचे शब्दशः ‘काचेत’ करून टाकलेली इंग्रजी वाक्ये रेफरीकडे जाऊ लागली. आता चॅटबॉट आले. वैद्यकीय संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने मे २०२३ मध्ये सांगितले की चॅटबॉट लेखक होऊ शकत नाही, आणि वापर केला असेल तर तो सबमिशनच्या वेळीच उघड करायचा. बऱ्याच पोर्टलांवर आता त्याचा वेगळा रकाना असतो.

सध्या बऱ्या जर्नलला रिव्ह्यू द्यायचा तर मजकुराइतकेच बाहेरचे कागद महत्त्वाचे ठरतात. लेखकांची नावे असलेले शीर्षकपान वेगळ्या फाईलमध्ये, म्हणजे रेफरीला नावे दिसत नाहीत. कोणते डेटाबेस, कोणते शब्द, कोणत्या वर्षापर्यंत शोधले याचा परिच्छेद, साध्या वर्णनात्मक रिव्ह्यूतही. दुसऱ्याच्या लेखातले चित्र घेतले असेल तर प्रकाशकाची लेखी परवानगी. सीसी-बाय परवान्याचे असेल तर श्रेय पुरते. कोणत्या लेखकाने काय केले याचे निवेदन, करस्पाँडिंग लेखकाचा ऑर्किड हा संशोधक-ओळखक्रमांक, आणि कव्हर लेटरमध्ये या विषयावर आधीचे रिव्ह्यू असताना हा का, याचे दोन ओळींत उत्तर. काही जर्नले आगंतुक रिव्ह्यू घेतच नाहीत, आधी मेल टाकून विचारावे लागते. ही माहिती त्यांच्या सूचनांत पहिल्याच पानावर असते, तरी डेस्क रिजेक्शन, म्हणजे रेफरीकडे न जाताच नकार, त्याच कारणाने येत राहते.

पूर्ण लेख वाचायची अडचण काही अंशी सुटेल असे २०२५ च्या जानेवारीत वाटले होते. तेव्हा ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ सुरू झाले, सुमारे १३ हजार जर्नले एकदम खुली. पण ती सरकारी संस्थांना. जिल्ह्यातली बहुतेक फार्मसी कॉलेजे खासगी आहेत, त्यांना हा लाभ नाही. विद्यापीठात ओळख असेल तर पीडीएफ मिळते, नसेल तर पुन्हा सारांशच.

यादी गेल्यावर आयोगाने सूचक निकष दिले आहेत: संपादक मंडळ खरे आहे का, रेफरीची प्रक्रिया जाहीर आहे का, फी उघड सांगितली आहे का, अशा धर्तीचे. कॉलेजांनी त्यावर समित्या नेमायच्या आहेत. कमिटीचा कागद कोण मान्य करणार, याची धास्ती असल्याने तूर्त बरेच जण स्कोपसलाच धरून आहेत. ती यादीही स्थिर नसते, तिच्यातूनही जर्नले वगळली जातात. म्हणून काही गाईड आता सबमिशनच्या दिवशी, स्वीकृतीच्या दिवशी आणि छापून आल्यावर असे तीनदा जर्नलच्या नोंदीचे स्क्रीनशॉट काढून फाईलला लावून ठेवतात. या तीनपैकी कोणती तारीख धरायची, याबाबत प्रत्येक समितीचे म्हणणे वेगळे आहे.