कड्यावरची चीर कोणाची?

वणी-भद्रावतीकडच्या कास्तकाराला जमिनीच्या भेगांचे नवल नसते. वैशाखात काळ्या वावरात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, कारण पाणी आटले की या मातीतली चिकण खनिजे आक्रसतात. मृगाचे दमदार पाऊस पडले की तीच फुगून भेगा बुजवतात. टेकडीच्या कड्याला समांतर गेलेली चीर मात्र निराळ्या जातीची असते आणि ती पावसाने मिटत नाही. ती निसर्गाने पाडली की खालच्या कोळसा खाणीने, हाच प्रश्न असतो.

वर्धा खोऱ्यातला कोळसा बराकर नावाच्या खडकथरांत आहे आणि त्यांच्यावर अनेक ठिकाणी कामठी नावाचा वालुकाश्म पसरला आहे. नाल्याने असा खडक कापून उभा कडा घडवला की त्या बाजूचा आधार जातो, सर्व बाजूंनी दाबात असलेला खडक मोकळ्या अंगाला किंचित सैलावतो आणि त्यातले जुने उभे सांधे (खडकातल्या नैसर्गिक फटी) उघडू लागतात. पुढचे काम 45 अंशांपलीकडे जाणारा उन्हाळा, आत शिरणारे पाणी आणि पिंपळाची मुळे करतात. खाणीचा यात काहीही संबंध नसतो.

भूमिगत खाणीत आधी कोळशाचेच खांब राखून छत तोलले जाते. शेवटी ते खांबही काढले, की छत कोसळते आणि वरची जमीन उथळ बशीसारखी खचते. ही बशी खोदलेल्या क्षेत्रापेक्षा रुंद असते, तिच्या मध्यभागी जमीन दाबली जाते आणि कडेला ताणली जाते. कड्यावर हा ताण आयत्या मिळालेल्या चिरेत एकवटतो. म्हणून कड्याच्या थेट खाली खोदणार नाही, एवढे खाणवाल्यांचे आश्वासन मला पुरेसे वाटत नाही. पोकळीत वाळू भरल्यास खचणे बरेच कमी होते.

जुन्या चिरेचे काठ झिजलेले असतात, त्यांवर दगडफूल वाढलेले असते; नवीचे काठ धारदार, खडकाचा रंग ताजा आणि मुळे तुटलेली दिसतात. जुनी चीरच रुंदावली, तर दोन्ही खुणा एकत्र आढळतात आणि वाद तिथेच पेटतो. तो मिटवायला खोदकामापूर्वीची मापेच उपयोगी पडतात. त्यासाठी गुराख्याला सोबत घेऊन (कड्यावरची प्रत्येक चीर त्याला ठाऊक असते) नकाशा काढावा, चिरेच्या दोन्ही काठांवर खिळे पक्के बसवावेत आणि निदान एक उन्हाळा व एक पावसाळा त्यांतले अंतर मोजावे. मोजणी दर वेळी भल्या सकाळीच करावी, कारण उन्हाने खडक प्रसरण पावतो आणि दुपारचे माप सकाळच्या मापाशी जुळत नाही.