मुलांच्या मोबाइलवर पहारा कुणाचा?

१९८० च्या दशकात ज्या घरात फोन होता, तिथे मुलांच्या बोलण्यावर लक्ष ठेवायला कुणाला वेगळे कष्ट पडत नसत. फोन दिवाणखान्यात, वायर भिंतीला, आणि बोलणाऱ्याचा आवाज थेट स्वयंपाकघरात. ‘कुणाचा होता गं?’ एवढ्यावर चौकशी संपायची. पालकांना काळजी असायची ती बिलाची. त्यासाठी डायलच्या भोकात अडकवायचं छोटं कुलूप मिळायचं, पुढे एसटीडीला आकडे दाबून लावायचं लॉक आलं. शेजारपाजारचे फोनही त्याच घरी येत, त्यामुळे कुणाच्या मुलीला कुणाचा फोन आला हे मजल्यावर सगळ्यांना ठाऊक. ज्याला खरंच चोरून बोलायचं असे तो नाणं घेऊन कोपऱ्यावरच्या पीसीओत जाई, आणि पीसीओवाला बहुधा वडिलांच्या ओळखीचा निघे.

म्हणजे पहारा होता, पण तो घराच्या मांडणीतच होता. कुणी तो देतंय असं वाटत नसे. पुढच्या तीसेक वर्षांत पालक, शाळा, न्यायालयं आणि सरकार यांनी जे जे उपाय केले, त्यातले बरेचसे हा हरवलेला दिवाणखाना परत आणण्याचेच प्रयत्न होते.

पहिला प्रयत्न मुंबईचा. १५ ऑगस्ट १९९५ ला विदेश संचार निगम या सरकारी कंपनीने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं आणि थोड्याच वर्षांत शहरभर सायबर कॅफे निघाले. प्लायवूडचे आडोसे, आत एक संगणक, तासाचे पैसे. २००१ मध्ये मुलांना तिथे सहज दिसणाऱ्या अश्लील मजकुराचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला. न्यायालयाने समिती नेमली आणि जानेवारी २००२ मध्ये तिचा अहवाल आला. कॅफेत येणाऱ्यांचं ओळखपत्र पाहावं, अल्पवयीन मुलांना आडोशात न बसवता उघड्यावरच्या संगणकावर बसवावं आणि त्या संगणकांत गाळणी करणारं सॉफ्टवेअर असावं, असं समितीने सुचवलं. तंत्र नवं, पण मुख्य उपाय जुनाच: पोराला चारचौघांत बसवा.

मोबाइलने हे चारचौघंच काढून घेतले. भारतातला पहिला मोबाइल कॉल ३१ जुलै १९९५ चा, कोलकात्याहून मुख्यमंत्री ज्योती बसूंनी दिल्लीत दूरसंचार मंत्री सुखराम यांना केलेला. तेव्हा मिनिटाचा दर सोळा रुपयांच्या घरात होता आणि आलेल्या कॉललाही पैसे पडत, त्यामुळे मुलांच्या हाती फोन देण्याचा विचारही कुणी करत नसे. २००३ मध्ये येणारे कॉल फुकट झाले, हँडसेट हप्त्यावर मिळू लागले, आणि ‘क्लासहून निघालीस की मिस्ड कॉल दे’ म्हणून आईवडिलांनी स्वतःच मुलांना फोन घेऊन दिले. हे विसरून चालणार नाही. मुलाच्या खिशात फोन पहिल्यांदा गेला तो पालकांच्या काळजीपोटी.

मग २००४ च्या अखेरीस दिल्लीच्या एका नामवंत शाळेतल्या मुलांची चित्रफीत एमएमएसवरून देशभर फिरली. ती एका लिलाव संकेतस्थळावर विक्रीला निघाली, तेव्हा त्या कंपनीच्या प्रमुखाला अटक झाली. शाळांच्या दारात दप्तरं तपासली जाऊ लागली. सीबीएसईने २००९ मध्ये शाळांत मोबाइलवर निर्बंध घालणारं परिपत्रक काढलं. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये माहिती तंत्रज्ञान कायद्यातली दुरुस्ती लागू झाली आणि मुलांच्या लैंगिक चित्रणासाठी ६७-ब हे स्वतंत्र कलम आलं.

आधी धक्का, मग घबराट, मग नियम, हा क्रम तेव्हापासून पक्का झाला. त्याचं सगळ्यात बोलकं उदाहरण पुन्हा मुंबईचंच आहे. सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आलं, डेटा फुकटात वाटला गेला आणि घराघरातला साधा फोन स्मार्टफोन झाला. वर्ष उलटायच्या आत, जुलै २०१७ च्या शेवटी, अंधेरीत एका १४ वर्षांच्या मुलाने जीव दिला. बातम्यांनी त्या मृत्यूला ‘ब्लू व्हेल’ नावाच्या, स्वतःला इजा करायला लावणाऱ्या ऑनलाइन खेळाशी जोडलं. शाळांनी पालकांना पत्रं पाठवली, केंद्र सरकारने मोठ्या इंटरनेट कंपन्यांना अशा खेळाचे दुवे काढून टाकण्यास सांगितलं, आणि घरोघरी मुलांच्या मनगटांवर खुणा शोधल्या गेल्या. जानेवारी २०१८ मध्ये गृहराज्यमंत्री हंसराज अहीर यांनी लोकसभेत लेखी उत्तर दिलं. तज्ज्ञ समितीने प्रकरणं तपासली होती आणि त्यांपैकी एकाही मृत्यूत या खेळाचा हात सिद्ध झाला नव्हता. या उत्तराची बातमी किती जणांच्या लक्षात राहिली असेल? मुलांचे फोन उघडून बघायची सवय मात्र राहिली.

गंमत म्हणजे त्याच घबराटीच्या महिन्यात, २४ ऑगस्ट २०१७ ला, सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालात न्या. संजय किशन कौल यांनी मुलांचा वेगळा विचार केला होता: बालिश चुकांची शिक्षा मुलांनी जन्मभर भोगू नये, त्यांच्या खासगीपणाला विशेष संरक्षण हवं. अर्थात हे सरकार आणि कंपन्यांच्या संदर्भातलं. रात्री उशीखालून फोन काढून चॅट वाचणाऱ्या बाबांना हा निकाल लागू होतो का, असं विचारत कुणी कोर्टात गेल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

मुलांच्या फोनवर मर्यादा घालायची साधनंही याच सुमारास आली. गूगलचं ‘फॅमिली लिंक’ २०१७ चं, ॲपलचं ‘स्क्रीन टाइम’ २०१८ चं. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात ते बसवायचं कसं, हे आपल्याकडे पुष्कळ घरांत ज्याच्यावर लक्ष ठेवायचं त्यालाच विचारावं लागतं. पब्जीचं तर विचारूच नका. २०१९ मध्ये त्यावर बंदी मागणारी याचिका ११ वर्षांच्या एका मुलाच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयात दाखल झाली होती, पण खेळ बंद झाला सप्टेंबर २०२० मध्ये, चीनसोबतच्या सीमेवरच्या तणावानंतर, देशाच्या सुरक्षेचं कारण देऊन. आयांचा नवस फळला, पावला मात्र भलताच देव.

तोवर टाळेबंदीने सगळे जुने नियम मोडीत काढले होते. ज्या शाळा फोन जप्त करत, त्याच शाळा आता फोनवरून भरत होत्या. ‘असर’ या शालेय शिक्षणाच्या पाहणीनुसार ग्रामीण भारतात शाळकरी मुलांपैकी ३६.५ टक्के मुलांच्या घरी २०१८ मध्ये स्मार्टफोन होता. २०२१ मध्ये हे प्रमाण ६७.६ टक्क्यांवर गेलं. २०२४ च्या पाहणीत १४ ते १६ वयाच्या, स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ५७ टक्क्यांनी आदल्या आठवड्यात फोन अभ्यासासाठी वापरला होता, तर ७६ टक्क्यांनी समाजमाध्यमांसाठी. पहारा सगळ्यांवर सारखा नाही हेही याच पाहण्यांतून दिसतं. २०२३ मध्ये १४ ते १८ वयोगटात स्मार्टफोन वापरता येणाऱ्या मुलांपैकी ४३.७ टक्के मुलग्यांकडे स्वतःचा फोन होता, मुलींपैकी फक्त १९.८ टक्क्यांकडे. मुलीच्या बाबतीत पुष्कळदा फोनवर नजर ठेवायची वेळच येत नाही, कारण तो दिलेलाच नसतो.

शाळा पुन्हा भरल्या, पण फोन हातातून सुटेना. सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यातल्या मोहित्यांचे वडगावने ऑगस्ट २०२२ मध्ये वेगळाच मार्ग काढला. संध्याकाळी सातला भैरवनाथाच्या देवळावरचा भोंगा वाजू लागला आणि साडेआठपर्यंत गावातले मोबाइल आणि टीव्ही बंद राहू लागले. सुरुवात महिलांच्या सभेतून झाली, सरपंच विजय मोहिते यांनी विषय लावून धरला, आशा आणि अंगणवाडी सेविका घरोघरी फिरल्या. सात ते साडेआठ ही मराठी मालिकांची वेळ आहे, हे लक्षात घेतलं की या निर्णयाचं वजन कळतं. इथे फक्त मुलांचे फोन काढून घेतले नाहीत, आईची मालिका आणि वडिलांचं व्हॉट्सॲपही थांबलं. काही महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसद तालुक्यातल्या बान्सी ग्रामसभेने १८ वर्षांखालच्यांना मोबाइलबंदीचा ठराव केला. दोन्ही बातम्या एकाच सुरात छापून आल्या, पण मला त्यांत मोठा फरक दिसतो. बान्सीचा ठराव पोरांसाठी आहे, वडगावचा गावासाठी.

आता चेंडू कायद्याच्या अंगणात आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक विदा (म्हणजे डेटा) संरक्षण कायद्याने १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला मूल मानलं. त्यांची माहिती वापरण्याआधी कंपन्यांनी पालकांची पडताळता येईल अशी संमती घ्यायची, आणि काही अपवाद सोडले तर मुलांचा माग काढायचा नाही, त्यांच्या वागण्यावर पाळत ठेवायची नाही की त्यांना हेरून जाहिराती दाखवायच्या नाहीत. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये आले आणि कंपन्यांना संमतीच्या तयारीसाठी अठरा महिने मिळाले. संमती देणारी व्यक्ती सज्ञान आहे, एवढं कंपनीने तपासायचं आहे. ती त्याच मुलाची आई किंवा बाप आहे का, याची खातरजमा कशी करायची हे नियमांत नाही. शिवाय हे सगळं सुरू होतं ते मुलाने आपलं खरं वय सांगितलं तर.